एवढी थंडी पडलीय, मग ग्लोबल वॉर्मिंग कुठंय? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की हे प्रश्न सुरू होतात. नातेवाईकांच्या ग्रुपवर, चहाच्या टपरीवर, बागेत फवारणी चालू असताना, सगळीकडे तेच. मी नाशिक भागातला, घरी द्राक्षबाग, त्यामुळे थंडी आमच्यासाठी नुसता गप्पांचा विषय नाही, तिच्यावर वर्षाचं गणित असतं. म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं.

निफाडला पारा पाच-सहावर आलाय, हुडहुडी भरलीय, आणि तुम्ही म्हणता जग तापतंय. कसं काय?

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. निफाड म्हणजे जग नाही आणि आजची पहाट म्हणजे गेली पन्नास वर्षं नाहीत, एवढंच त्याचं उत्तर, पण जरा आकड्यात बघू. पृथ्वीचा पृष्ठभाग साधारण ५१ कोटी चौरस किलोमीटर. महाराष्ट्र ३ लाख ८ हजार, म्हणजे ०.०६ टक्के. अख्खा भारत धरला तरी पाऊण टक्का होत नाही. आता नाशिक, धुळे, जळगाव, संभाजीनगर, पुणे सगळे एकदम गारठले तरी उरलेल्या ९९ टक्क्यांहून जास्त पृथ्वीवर त्या दिवशी काय चाललंय ते आपल्या शेकोटीजवळ बसून कळत नाही. डिसेंबर २०२२ च्या शेवटी अमेरिकेत बफेलो शहर बर्फाच्या वादळात गाडलं गेलं होतं, माणसं गाड्यांमध्ये अडकून मेली, जगभर त्याचे फोटो फिरले, आणि त्यानंतर आठवडाभरात, १ जानेवारी २०२३ ला पोलंडमध्ये वॉर्सा शहरात १८.९ अंश तापमान होतं, ऐन हिवाळ्यात, जानेवारीचा तिथला रेकॉर्ड. बफेलोच्या माणसाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता हिमयुग आलं, वॉर्सावाल्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता उन्हाळा लागला. जगाचं तापमान म्हणजे या सगळ्याची मिळून सरासरी, जमीन आणि समुद्र दोन्ही धरून.

आणि ती सरासरी वर चाललीय यात आता शंका राहिलेली नाही. जागतिक हवामान संघटनेच्या आकड्यांनुसार २०२४ हे नोंदी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात उष्ण वर्ष, १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा साधारण १.५५ अंशांनी जास्त. २०२४ अखेरपर्यंतच्या नोंदींत २०१५ ते २०२४ ही दहाच्या दहा वर्षं सगळ्यात उष्ण दहा वर्षं होती. या दहा वर्षांत निफाडला थंडी पडली नाही का? पडलीच की, चांगली कडाक्याची पडली.

मग किती वर्षांचं बघायचं?

हवामानशास्त्रात ३० वर्षांची सरासरी धरतात. एखादं वर्ष गार, एखादं गरम असं चालायचंच, ३० वर्षांत ते बरंचसं एकमेकांत जिरून जातं. गड चढताना मधे एखाद्या खिंडीत उतरावं लागतं, दहा मिनिटं आपण खाली खाली जातो, पण म्हणून कोणी म्हणत नाही की आपण गड उतरतोय. थंडीची लाट ही ती खिंड.

यातली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. बातमीत 'तापमान सरासरीपेक्षा ४ अंशांनी कमी' असं येतं ना, ती सरासरी कुठली? भारतीय हवामान विभाग आता १९९१ ते २०२० ची सरासरी वापरतो, त्याआधी १९८१ ते २०१० ची होती. म्हणजे दर दहा वर्षांनी पट्टी पुढे सरकते, आणि जग तापत असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी पट्टीच जरा वर जाते. त्यामुळे आजोबांच्या काळात जी पहाट 'नेहमीचीच' म्हणून कोणी लिहूनसुद्धा ठेवली नसती ती आज 'सरासरीपेक्षा कमी' म्हणून बातमीत येऊ शकते. आपली थंडीची सवयही तशीच सरकते, दोन-तीन हिवाळे उबदार गेले की चौथा साधा हिवाळाही बोचरा वाटतो.

पण थंडी येते तरी कुठून?

आपल्याकडची थंडी बहुतेक वेळा उत्तरेकडून येते. भूमध्य समुद्राच्या बाजूनं वातावरणाच्या वरच्या थरातून कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडे सरकत येतात, इराण, अफगाणिस्तान करत हिमालयावर आदळतात, त्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात, बातम्यांमध्ये वेस्टर्न डिस्टर्बन्स. त्यानं काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ पडतो, पंजाब-हरियाणात पाऊस. हा पट्टा पुढे निघून गेला की मागून उत्तरेचे कोरडे गार वारे मोकळे सुटतात आणि राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून खान्देश, नाशिक, विदर्भात उतरतात.

दुसरा भाग आकाशाचा. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते. ढग असले, हवेत दमटपणा असला तर ती उष्णता अडकते आणि पहाट ऊबदार राहते, आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की सगळी निघून जाते. म्हणून शेतकरी संध्याकाळी आधी आभाळ बघतो. वारा पडला, चांदणं स्वच्छ, हवा कोरडी, म्हणजे पहाटे गारठा वाढणार हे मोबाईल न बघता कळतं. आणि डिसेंबरमध्ये अचानक थंडी गायब होते तेव्हा बहुतेकदा बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात काहीतरी तयार झालेलं असतं, तिकडून बाष्प आलं, ढग आले, उत्तरेचे वारे अडले, की किमान तापमान दोन दिवसांत आठ-दहा अंशांनी वर जातं. यातलं काहीही ग्लोबल वॉर्मिंगनं बंद पडलेलं नाही. हिवाळा येतो कारण पृथ्वीचा आस कललेला आहे, तो कललेलाच राहणार.

निफाड हे महाबळेश्वरपेक्षा गार कसं? महाबळेश्वर तर उंचावर आहे.

चांगला प्रश्न, आणि या सगळ्या विषयाची गंमत इथेच कळते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, निफाड त्याच्या निम्म्याहूनही खाली, तरी किमान तापमानात निफाड बऱ्याचदा खाली असतं. गार हवा जड असते. रात्री ती उतारावरून घरंगळत खाली येते आणि सखल, सपाट भागात साठते. निफाड गोदावरीच्या खोऱ्यात, आजूबाजूला मोकळी शेती, काँक्रीट कमी. डोंगरमाथ्यावर गार हवा टिकत नाही, खालून थोडी ऊबदार हवा येत राहते. म्हणून महाबळेश्वर गावात १३ आणि तिथंच वेण्णा लेकच्या काठाला त्याहून किती तरी कमी असं होतं. एवढ्या थोड्या अंतरात एवढा फरक असेल तर एका ठिकाणच्या थर्मामीटरवरून जगाबद्दल बोलणं किती धोक्याचं आहे ते बघा.

वेण्णा लेकला दवबिंदू गोठले अशी बातमी येते, मग तापमान शून्य असतं का?

दव गोठतं तेव्हा त्या गवताच्या पात्याचं तापमान शून्य किंवा खाली गेलेलं असतं, हवेचं नाही. वेधशाळेतला थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत असतो. निरभ्र रात्री गवताचं पातं, गाडीचा टप, स्ट्रॉबेरीचं पान हे थेट आकाशाकडे उष्णता फेकत असतात, त्यामुळे हवेपेक्षा चार-पाच अंश गार होऊ शकतात. पेटीत ४ अंश असताना पानावर बर्फाचा पापुद्रा दिसतो तो यामुळे.

पुण्यात एकाच पहाटे शिवाजीनगर ९ आणि मगरपट्टा १६ असं कसं? यातला खरा आकडा कुठला?

दोन्ही खरे. हवेली, पाषाण, एनडीए, शिवाजीनगर या बाजूला पारा खाली असतो आणि मगरपट्टा, वडगाव शेरी, कोरेगाव पार्क या बाजूला बराच वर, हिवाळ्यात पुणेकरांना हे पाठच झालेलं आहे. सिमेंट, डांबर दिवसा उष्णता पितं आणि रात्रभर सोडत बसतं, झाडं आणि मोकळी माती कमी, त्यात स्टेशन कशावर बसवलंय यानंही फरक पडतो.

यावरून लगेच पुढचा प्रश्न येतो की मग ग्लोबल वॉर्मिंग म्हणजे फक्त शहरं वाढली म्हणून थर्मामीटर जास्त दाखवतात असंच ना? हा प्रश्न मूर्खपणाचा अजिबात नाही, शास्त्रज्ञांनी स्वतः तो घेऊन तपासलाय. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांना हीच शंका होती, त्यांनी बर्कली अर्थ नावाचा प्रकल्प काढला, जगभरातल्या हजारो स्टेशनांच्या नोंदी नव्यानं तपासल्या, खेड्यातली स्टेशनं वेगळी काढून बघितली, आणि तापमानवाढ खरी आहे असंच निघालं, २०१२ मध्ये त्यांनी स्वतः ते जाहीरपणे मान्य केलं. शिवाय पृथ्वीचा ७१ टक्के भाग समुद्र आहे, तिथं कुठलं मगरपट्टा? समुद्र तापतोय, उपग्रहांना हवा तापलेली दिसतेय, हिमनद्या मागे सरकतायत. शहरांची उष्णता ही वेगळी, आणखी वरून आलेली अडचण आहे.

जुने रेकॉर्ड बघा ना. पुण्यात १९३५ ला १.७ अंश होतं. तेव्हा थंडी जास्त होती, म्हणजे हवामान वरखाली होतच असतं.

१७ जानेवारी १९३५, पुणे १.७ अंश. मुंबईत २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश. हे दोन्ही रेकॉर्ड अजून उभे आहेत आणि लोक ते ग्लोबल वॉर्मिंगच्या विरोधात वापरतात हे मला कळत नाही, कारण इतकी वर्षं झाली तरी तुटले नाहीत हे तर उलट्याच बाजूला बोट दाखवतं. अर्थात एका शहराच्या एका रेकॉर्डवरून काही सिद्ध होत नाही, इकडूनही नाही आणि तिकडूनही नाही. नागपूरचं बघा, २९ डिसेंबर २०१८ ला तिथं ३.५ अंशांची नोंद झाली, डिसेंबरमधला नवा नीचांक, म्हणजे तापत्या जगातही थंडीचा रेकॉर्ड तुटू शकतो. त्याच नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश होतं.

खरा हिशोब असा करतात की हजारो ठिकाणं घ्यायची आणि उष्णतेचे किती रेकॉर्ड तुटले, थंडीचे किती तुटले ते मोजायचं. हवामान बदलत नसतं तर दोन्ही साधारण सारखे आले असते. अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात उष्णतेचे रेकॉर्ड थंडीच्या जवळपास दुप्पट निघाले.

अमेरिकेत एवढा बर्फ पडतो, मग?

फेब्रुवारी २०१५ मध्ये जेम्स इनहोफ नावाचे सिनेटर वॉशिंग्टनमध्ये सभागृहात बर्फाचा गोळा घेऊन आले होते, बाहेर बघा किती थंडी आहे म्हणून. पूर्व अमेरिका तेव्हा खरंच गोठलेली होती, पण पश्चिम अमेरिकेत त्याच हिवाळ्यात नेहमीपेक्षा गरम होतं आणि २०१५ हे वर्ष जगासाठी त्या वेळेपर्यंतचं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं.

टेक्सासची गोष्ट जास्त गंभीर आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथं अशी थंडी पडली की वीजव्यवस्था कोलमडली, ४५ लाख घरं अंधारात, सरकारी आकड्यानुसार २४६ माणसं गेली. तापत्या जगात ही थंडी आली कशी? उत्तर ध्रुवावर हिवाळ्यात अतिथंड हवेचं एक भलंमोठं चक्र फिरत असतं, पोलर व्हॉर्टेक्स, ते घट्ट असलं की थंडी ध्रुवाजवळ कोंडलेली राहते, ढिलं पडलं की तिची एखादी जीभ खाली घसरते. उत्तर ध्रुवाकडचा भाग जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगानं तापतोय, आणि त्यामुळे हे चक्र जास्त वेळा ढिलं पडतंय का यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून एकमत नाही, दोन्ही बाजूंनी पेपर निघतायत, त्यामुळे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा थांबून ऐका. एवढं मात्र नक्की की थंड हवा खाली घसरली म्हणजे नवी थंडी तयार झाली असं होत नाही, तिची जागा बदलली, आणि ती जिथून आली तिथं तेव्हा नेहमीपेक्षा ऊबदार असतं. टेक्सास गोठलं तो महिनासुद्धा जगाच्या सरासरीत विसाव्या शतकातल्या फेब्रुवारीपेक्षा गरमच होता. खरं तर गेल्या ३० वर्षांत असा एकही महिना गेलेला नाही की जगाचं तापमान त्या महिन्याच्या विसाव्या शतकातल्या सरासरीच्या खाली गेलं.

जास्त बर्फ पडण्याचं अजून एक साधं कारण आहे, हवा एक अंशानं तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. तापमान शून्याच्या खाली असेल तोवर जास्त बाष्प म्हणजे एका दमात जास्त बर्फ. आणि शून्याच्या वर गेलं की बर्फच नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला स्कीइंगच्या ऐन हंगामात उतार बोडके होते, पर्यटक मातीत फोटो काढत होते.

ते अफेलियनचं (पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते तेव्हाचं) काय? उद्या पहाटे ५.२७ पासून थंडी वाढणार असा मेसेज आलाय.

हा मेसेज दरवर्षी येतो आणि दरवर्षी खोटाच असतो. त्यात म्हणतात पृथ्वी सूर्यापासून ९ कोटी किलोमीटरवरून १५.२ कोटी किलोमीटरवर जाणार, म्हणून सर्दी, खोकला, थंडी. पृथ्वी कधीच सूर्यापासून ९ कोटी किलोमीटरवर नसते. सगळ्यात जवळ असते तेव्हा १४.७ कोटी आणि सगळ्यात लांब १५.२ कोटी, फरक फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. आणि जवळ कधी असते? जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपण शेकोटीभोवती बसलेलो असतो तेव्हा. लांब असते जुलैत. घरातल्या मोठ्यांनी काळजीपोटी हा मेसेज पाठवला असेल तर त्यांना रागावू नका, फक्त हा जानेवारी-जुलैचा मुद्दा सांगा, लगेच पटतो.

१९७० च्या दशकात शास्त्रज्ञ हिमयुग येणार म्हणत होते ना?

काही जण म्हणत होते आणि १९७५ मध्ये न्यूजवीकमध्ये त्यावर लेख आला, तोच अजून फिरतोय. नंतर कोणीतरी बसून १९६५ ते १९७९ मधले शोधनिबंध मोजले, थंडी वाढणार म्हणणारे ७ निघाले आणि तापमान वाढणार म्हणणारे ४४. त्या काळात कारखान्यांच्या धुरामुळे सूर्यप्रकाश अडून थोडं थंडावल्यासारखं झालं होतं हे खरं आहे, त्यामुळे प्रश्न रास्त होता.

सूर्यच जास्त तापला असेल. निसर्गाचं चक्र असेल.

सूर्याची उष्णता १९७८ पासून उपग्रहांनी थेट मोजली जातेय, तिच्यात ११ वर्षांचा चढउतार दिसतो, वाढ दिसत नाही. शिवाय सूर्य कारण असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. तसं झालेलं नाही, खालचा थर तापतोय आणि वरचा, स्ट्रॅटोस्फियर, गार होतोय, हे कार्बन डायऑक्साइडनं खाली उष्णता अडवल्याचंच लक्षण आहे. उद्योग सुरू होण्याआधी हवेत दर दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, १९५८ ला हवाईत मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५, आता ४२० च्या वर.

ज्वालामुखीमुळे जगाचं तापमान बदलतं का, हेही विचारतात. १९९१ ला फिलिपिन्समध्ये पिनाटुबो फुटला, त्याच्या धुराळ्यानं जग साधारण अर्ध्या अंशानं थंडावलं, आणि दोन-तीन वर्षांत ते संपलं.

दीड अंशानं काय होतंय? आमच्याकडे पहाटे ८ आणि दुपारी २९ असतं.

सकाळ-दुपारचा फरक एका जागेचा, आणि तो संध्याकाळपर्यंत परत फिरतो. दीड अंश ही सगळ्या पृथ्वीची, वर्षभराची सरासरी, ती हलवायला अफाट उष्णता लागते. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, उत्तर अमेरिका आणि युरोपचा मोठा भाग किलोमीटरभर जाडीच्या बर्फाखाली होता तेव्हा जगाची सरासरी उद्योगपूर्व काळापेक्षा फक्त ५-६ अंशांनी कमी होती. आणि या जास्तीच्या उष्णतेतली ९० टक्क्यांच्या आसपास समुद्र गिळतोय, म्हणून आपल्याला ती अंगावर कमी जाणवते. अरबी समुद्र तापल्याचं मात्र कोकणानं बघितलंय, ३ जून २०२० ला निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते, लागोपाठ दोन वर्षं.

भारत जगाइतका तापलेला नाही असं वाचलं, खरं आहे?

हो. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशानं वाढलं, जगापेक्षा कमी. यामागे हवेतला धूर-धूळ आणि प्रचंड प्रमाणातलं सिंचन ही मोठी कारणं मानली जातात, धूर सूर्यप्रकाश अडवतो, पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. उत्तर भारतात तर हिवाळ्यात दिवसेंदिवस धुकं राहतं, ऊन खाली पोचतच नाही आणि दिवसा दात वाजतात, हवामान विभाग त्याला 'कोल्ड डे' म्हणतो. तो गारठा बऱ्याच अंशी प्रदूषणाच्या चादरीखालचा आहे. उद्या ती हवा साफ केली, आणि ती केलीच पाहिजे कारण माणसं मरतायत, तर झाकलेली तापमानवाढ उघडी पडेल.

आणि अलीकडचे आकडे बघा. २०२४ हे १९०१ पासूनचं भारताचं सगळ्यात उष्ण वर्ष, १९९१-२०२० च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंशानं जास्त, म्हणजे ती वर सरकलेली पट्टी धरूनसुद्धा.

शेतीला याचा काय संबंध? थंडी पडली तरी नुकसान, नाही पडली तरी नुकसान, मग नक्की तक्रार कशाची?

तक्रार भरवसा गेल्याची आहे. द्राक्षाचं सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडतात, मणी फुगायच्या वेळेला पारा पाच-सहाच्या खाली गेला की मुळं काम करेनाशी होतात, फुगवण थांबते, साखर उतरायला वेळ लागतो, आणि तयार मालात मणी तडकतात. पहाटे तीन-चारला उठून बागेत जागोजागी ओला पालापाचोळा, भुसा पेटवून धूर करायचा, ठिबकनं विहिरीचं पाणी सोडायचं कारण ते हवेपेक्षा ऊबदार असतं, हे ज्यांनी केलंय त्यांना थंडी शिकवायची गरज नाही. पण त्याच हिवाळ्यात मधेच ढगाळ हवा येते, भुरी-डावणी हे बुरशीचे रोग येतात, फवारणीचा खर्च दुप्पट होतो. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा असा फरक मोठा पडला की पांढऱ्या वाणात पिंक बेरी येते, मणी गुलाबी पडतात आणि एक्सपोर्टचा माल लोकल भावात जातो. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी निफाड भागात गारपीट झाली, एका दुपारीत उभ्या बागा झोडपल्या गेल्या. एकेका गारपिटीचं खापर सरळ ग्लोबल वॉर्मिंगवर फोडता येत नाही, त्याला नीट अभ्यास लागतो, पण तापलेल्या हवेत जास्त बाष्प असतं आणि अवकाळीला बळ तिथूनच मिळतं.

हापूसला उलट थंडी पाहिजे, तिच्याशिवाय मोहोर नाही. ती लांबली तर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची सुपारीएवढी फळं गळतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्येच ऊन तापलं तर उरलेलं फळ भाजतं. गव्हाला दाणा भरेपर्यंत गारवा लागतो. मार्च २०२२ देशात १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण मार्च ठरला, पंजाब-हरियाणात दाणा आक्रसला, उत्पादनाचे अंदाज खाली आणावे लागले आणि १३ मे २०२२ ला सरकारनं गहू निर्यात बंद केली. त्या वर्षीही जानेवारीत लोक स्वेटर घालून विचारत होतेच, कुठंय ग्लोबल वॉर्मिंग.

म्हणून मला हा थट्टेचा विषय वाटत नाही. थंडीची लाट बघून तापमानवाढ खोटी ठरवली की नुकसान आमचंच होतं, कारण मग पीक विमा, नवे वाण, बागेवर प्लास्टिक कव्हर, गावागावात हवामान केंद्र या गोष्टींची मागणीच कोणी रेटत नाही.

थंडी कमी झाली तर बरंच नाही का? म्हातारी माणसं थंडीनं जातात.

थंडीनं माणसं जातात हे खरं आहे आणि उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी ब्लँकेट आणि निवारा आजही लागतोच. पण हरभरा, गहू, ज्वारी, आंबा हे सगळं आपल्या थंडीवर उभं आहे, ज्या हिवाळ्यात थंडी नसते त्या वर्षी हुरड्यालाही मजा नसते. हिमाचलात सफरचंदाला पुरेसे गार तास मिळेनात म्हणून बागा वर वर सरकतायत. आणि आपल्याकडे मे महिन्याच्या बाजूनं जे वाढतंय ते सहन करण्याची हद्द आधीच जवळ आलीय, विदर्भात विचारा.

ला निना आली की जग थंड होतं म्हणतात, मग वॉर्मिंग संपलं?

ला निनामध्ये प्रशांत महासागराचा मोठा पट्टा थंड होतो आणि जगाची सरासरी तात्पुरती थोडी खाली येते, एल निनोत वर जाते. १९९८ ला जबरदस्त एल निनो होता आणि ते तेव्हाचं सगळ्यात उष्ण वर्ष होतं. २०२१, २०२२ ही ला निनाची वर्षं, तरीही १९९८ पेक्षा गरम. म्हणजे आताची 'थंड' वर्षं तेव्हाच्या 'गरम' वर्षाच्या वर गेलीत.

मग पुढे थंडीच्या लाटा येणार की नाही?

येणार. साधारणपणे त्या कमी होत जातील असं दिसतंय, पण बंद होणार नाहीत. त्यामुळे बागायतदारानं धुराची तयारी सोडू नये.

बातमीतला थंडीचा आकडा कसा वाचायचा?

आधी बघा तो किमान तापमानाचा आहे का, आणि कुठल्या स्टेशनचा. निफाडचा आकडा बऱ्याचदा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा असतो, नाशिक शहराचा वेगळा. मग बघा सरासरीपेक्षा किती फरक. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा खाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असेल तर हवामान विभाग थंडीची लाट म्हणतो, ६.४ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर तीव्र लाट, आणि ४ अंश किंवा खाली गेलं तर फरक न बघताच लाट. गाडीच्या डॅशबोर्डचा किंवा गच्चीवरच्या थर्मामीटरचा फोटो हा आकडा नाही. सरकारी यंत्रही चुकतं कधीकधी, मे २०२४ मध्ये दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ अंश नोंदलं गेलं, देशभर बोंबाबोंब झाली, आणि तपासणीत सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता असं निघालं, हवामान विभागानंच ते सांगितलं. हीच कसोटी थंडीच्या आकड्यालाही लावा. आणि तुमच्या गावात शाळेत, सोसायटीत किंवा बागेत कोणी रोज किमान-कमाल लिहून ठेवत असेल तर त्याला ते चालू ठेवायला सांगा, वहीत तारखेसकट, एकाच जागेवर, सावलीत, तीस वर्षांनी त्या वहीला फार किंमत येईल.